चार नंबरचा पंखा

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ मार्च २०२५

चि. दानूस काकाचा आशीर्वाद.

तुझे फोन आलेले दिसले. एका दिवसात सात. उचलले न्हाईत म्हणून फुगून बसू नकोस. दुकानात हात मोकळा नसतो, आणि खरं सांगायचं तर फोनवर मशीनचं दुखणं कळत न्हाय. आधी तू वैरागहून फोन कॅबिनेटला लावायचीस आणि मी हितनं पंख्याचा आवाज ऐकून सांगायचो, बेअरिंग गेलंय, नाय तर धूळ बसलीय. तो जमाना गेला. आता मदरबोर्डवर सेन्सरची चिप असती. प्रोसेसर किती तापलाय, पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय, सगळं ती सांगती. आवाजाचं काय, माणूस ऐकतो एक नि समजतो एक. आकडा खोटं बोलत न्हाय.

तुझ्या टायपिंग क्लासच्या अकराही मशीन माझ्या हातच्या हायेत. गेल्या उन्हाळ्यात तीन तापून बंद पडल्या होत्या, ते मी विसरलेलो न्हाय. म्हणून जानेवारीत सगळ्यांत आकडे दाखवणारा प्रोग्रॅम टाकून दिला. आता एक काम कर. एकेक मशीन चालू कर, बोर्डावर छापलेलं नाव आणि पडद्यावरचे आकडे कागदावर उतरव आणि पोस्टानं पाठव. व्हॉट्सॲप घ्या म्हणशील. नको. त्या हिरव्या डबीवर लोक लिहिता लिहिता मधेच फोन लावतात.

नंदीश पुण्याहून सारखा मागं लागलाय, पप्पा दुकान बंद करा, हितं येऊन राहा. मी त्याला सांगितलं, बाबा रे, ज्या दिवशी माझ्या हातची मशीन चुकीची बाहेर जाईल त्या दिवशी मीच शटर ओढीन, तुला सांगायला यायची गरज न्हाय. बत्तीस वर्षांत तसा दिवस आलेला न्हाय.

महेश्वरदादाला आणि वहिनीला शरणार्थ सांग.

तुझा
अनिलकाका


वैराग
९ मार्च

ती. काकांस दानूचे शरणार्थ.

आकडे मागच्या पानावर लिहिलेत. पण आधी सात नंबरचं बघा. त्यात एक आकडा एकशे सत्तावीस डिग्री दाखवतोय! मी तशीच उठले आणि बटण दाबून बंद केलं. मुलींना म्हटलं, लांब बसा. एका मुलीचे वडील न्यायला आले होते, त्यांनी पडद्यावर बघितलं आणि गावभर केलं की दानेश्वरीबाईच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर फुटायला आलाय. दुसऱ्या दिवशी चार मुली आल्या नाहीत. परीक्षा जूनमध्ये आहे, बावीस जणी बसायच्या आहेत आणि अकरा मशीनवर दोन पाळ्या कशाबशा बसतात. एक जरी बंद राहिली तर मी कुणाला घरी पाठवू?

आता दुसरं. तुम्ही माझ्यावर रागावलात का? बार्शीच्या दुकानातून मी तुम्हाला न विचारता यूपीएस आणला, त्याचा राग आहे का? अप्पा म्हणतात, अनिल असल्या गोष्टी मनात ठेवणारा माणूस नाही. पण आधी तुम्ही एका रिंगला फोन उचलायचात, आणि दिवाळीपासून एकदाही नाही. काकूला लावला तर ती म्हणाली, ‘तुझ्या काकांचं माझ्याकडं तरी कुठं लक्ष आहे ग. मी बोलत राहते, ते हूं म्हणतात. कशाला हूं म्हटलं ते त्यांनाही माहीत नसतं.’ हसत म्हणाली, पण मला ते हसणं काही बरोबर वाटलं नाही.

राग असेल तर पत्रात दोन शिव्या लिहा, मी खाऊन घेईन. पण सात नंबरचं लवकर सांगा.

तुमची
दानू


शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ मार्च

चि. दानूस आशीर्वाद.

लई हसलो. एकशे सत्तावीस डिग्रीला मशीन असती तर तू बटणापर्यंत पोचलीच नसतीस. अगं, चिपच्या त्या पायाला वायरच जोडलेली न्हाय. रिकाम्या पायाला ताप विचारला की तो काहीबाही सांगतो. त्या मुलीच्या बापाला सांग, रिकामं भांडं जास्त वाजतं.

आता नीट वाच. प्रोग्रॅम नुसता एक, दोन, तीन असे नंबर लावून आकडे दाखवतो. कुठला नंबर प्रोसेसरचा, कुठला कॅबिनेटच्या पंख्याचा, कुठली जागा रिकामी, हे त्याला आपण सांगावं लागतं. ते जिथं लिहायचं ती फाईल. प्रत्येक बोर्डाची फाईल वेगळी. चिप तीच असली तरी बोर्ड बनवणाऱ्यानं कुठली वायर तिच्या कुठल्या पायाला जोडली, ते त्याचं त्याला ठाऊक. एकाच सासूच्या दोन सुना म्हणून आमटी सारखी होती काय?

मग ओळखायचं कसं? पेन्सिलीच्या मागचं रबर पंख्याच्या मधोमध हळूच टेकव. पाती थांबतील. बोट घालू नकोस, पाच मोजायचे आणि सोडायचं. जो आकडा शून्यावर आला तो त्या पंख्याचा. मग मशीनला जड काम दे. गरमीचा जो आकडा सरसर चढला तो प्रोसेसरचा. जो हलतच न्हाय आणि काहीतरी अचाट दाखवतो तो रिकामा, त्याच्यापुढं लिहायचं की दाखवू नको. हे प्रत्येक मशीनला करायचं. कंटाळा करायचा न्हाय.

राग कसला? यूपीएस चांगला असेल तर वापर, नसेल तर बार्शीवाल्याच्या डोक्यात घाल. आणि तुझ्या काकूचं म्हणशील तर तीच हल्ली पुटपुटती. पूर्वी कशी खणखणीत बोलायची. आता तोंडातल्या तोंडात बोलती आणि वर म्हणती लक्ष न्हाय. वय झालं की होतं असं. मी काय मनावर घेत न्हाय.

अनिलकाका


वैराग
२३ मार्च

ती. काकांस शरणार्थ.

झालं! अकराच्या अकरा. तीन दिवस लागले, दोन पेन्सिली गेल्या. मुली आता मला टायपिंगबाई म्हणायचं सोडून पेन्सिलबाई म्हणायल्यात.

सोनम नावाची एक मुलगी आहे, सिद्धाप्पांची. त्यांची मेंढरं असतात, वस्तीवरून ती सायकलनं येते. मी एकेका बोर्डावरचं नाव शोधत बसले होते, तर ही नुसतं बघून म्हणाली, बाई, दोन आणि नऊ एकाच जातीचे दिसत्यात पण एक न्हाईत, ह्याच्या कोपऱ्यातला तो पांढरा खाचा बघा. म्हटलं कसं कळलं? तर म्हणाली, दोनशे मेंढरांत आपली ओळखायची तर असंच बघावं लागतं. तिलाच मी मदतनीस केलंय. सात नंबरची फाईल तिनंच लिहिली. एकशे सत्तावीस गेलं आणि घाबरून गेलेल्या चार मुली परत आल्या.

चार नंबर मात्र काल बंदच पडली. बटण दाबलं की नुसता लाल दिवा लागतो. उद्याच्या एसटीनं पाठवतेय, सोबत सगळ्या फायलींचा पेन ड्राइव्हही आहे. आमच्या शेजारचे शंकरप्पा कंडक्टर आहेत, ते स्टँडवरून रिक्षा करून दुकानात आणून देतील. सावकाश करा, पण परीक्षेच्या सरावाला हवी.

काकूला पुटपुटते म्हणालात ते मी तिला सांगितलेलं नाही. परवाच बोललो आम्ही. मला तर तिचं अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

तुमची
दानू


शुक्रवार पेठ, सोलापूर
५ एप्रिल

चि. दानूस आशीर्वाद.

चार नंबर दुरुस्त करून पाठवतोय. हे पत्र कॅबिनेटच्या वर चिकटवलंय. बोर्ड जळाला होता. माझ्याकडं जुन्यातला एक चांगला बोर्ड होता तो बसवला. चिप तुझ्या दोन नंबरमध्ये हाय तीच, म्हणून फाईलही तयारच मिळाली. दोन दिवस सलग चालवून बघितली. प्रोसेसरचा पंखा एकवीसशे फेरे, गरमी एकेचाळीस. सोलापुरात चाळीसचं ऊन पडलंय आणि प्रोसेसर एकेचाळीसवर! आणि पंखा कसा, रेशमावरनं हात फिरवावा तसा. आवाज म्हणून न्हाय.

अशी मशीन हातून गेली की जेवण गोड लागतं. नंदीशला मुद्दाम फोटो काढून पाठवायला लावला शेजारच्या पोराकडनं. म्हटलं, बघ, तुझा बाप अजून कामाचा हाय.

अनिलकाका


वैराग
८ एप्रिल

ती. काकांस शरणार्थ.

चार नंबर पोचली. मशीन छान चाललीय. काळजी नसावी.

इथं ऊन फार आहे. अप्पांची तब्येत बरी आहे.

तुमची
दानू


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ एप्रिल

चि. दानूस आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तार होती का ग? चार ओळी. असो, परीक्षा जवळ आलीय, कामात असशील.

एक चांगली बातमी. श्रीपूरला कारखान्याच्या कॉलनीत काही जणांनी मिळून वाचनालय काढलंय. तिथं मुलांसाठी पाच मशीन पाहिजेत म्हणून माझ्याकडं आले. मी बनवून ठेवल्यात. पाचही बोर्डांवर तीच चिप हाय, म्हणून तुझ्या चार नंबरला चालली तीच फाईल सगळ्यांत टाकून दिली. पेन्सिल लावत बसायचं काम न्हाय. पाचही एकदम गार दाखवतात. येत्या सोमवारी टेम्पो येणार हाय न्यायला. दिवसभर पोरं खेळणार त्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत.

म्हाताऱ्याला अजून काम मिळतंय बघ.

अनिलकाका


वैराग
१९ एप्रिल, शनिवार

ती. काकांस दानूचे शरणार्थ.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शंकरप्पांच्या हातात देतेय आणि त्यांना सांगितलंय की काकांनी वाचल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही.

काका, मी तुमच्याशी खोटं बोलले. चार नंबर छान चाललेली नव्हती. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंख्यानं असा आवाज काढला की मुलींनी कानांवर हात ठेवले. शेजारच्या गिरणीतला माणूस बघायला आला. मी पडद्याकडं बघितलं तर तुम्ही लिहिलेलंच दिसत होतं. पंखा एकवीसशे, गरमी एकेचाळीस. मग तुम्ही शिकवलं तसं पेन्सिल घेतली आणि प्रोसेसरचा पंखा थांबवला. एकवीसशेचा आकडा हललाही नाही. तो कॅबिनेटच्या पंख्याचा होता. प्रोसेसरची गरमी ह्या बोर्डावर तीन नंबरला येते, आणि दोन नंबर मशीनच्या फाईलमध्ये तीन नंबरच्या आकड्यापुढं लिहिलंय की जागा रिकामी आहे, दाखवू नको. ती ओळ मी काढली तेव्हा तिथं अठ्ठ्याऐंशी दिसलं.

तुम्हीच लिहिलं होतं, चिप तीच असली तरी वायर वेगळी. तुम्ही ते विसरणारे नाही. तुम्ही पेन्सिल लावली नाहीत, कारण पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. आणि तो आवाज ज्याला ऐकू आला असता त्यानं पडद्यावर विश्वास ठेवला नसता.

काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?

त्या रात्री मी तुमची सगळी पत्रं काढून वाचली. तुम्ही फोन का उचलत नाही, ते कळलं. काकू का पुटपुटते, ते कळलं. ती पुटपुटत नाही, काका. तिचा आवाज बारीक आहे. ती समजते की तुमचं मन तिच्यावरून उडालंय. मला म्हणाली, आता मी कामापुरतंच बोलते.

मी आधी गप्प बसले, कारण तुम्ही म्हणाला होतात की मशीन चुकीची गेली तर शटर ओढीन. मला वाटलं, आपल्या घरातली एक मशीन आहे, आपणच निस्तरू, कुणाला कळणार? पण सोमवारी श्रीपूरला पाच जाणार आहेत. मे महिन्यात त्यावर लहान मुलं बसणार आणि पडदा गार आहे म्हणून सांगणार. त्यांच्याशी मी कशी खोटं बोलू?

टेम्पो थांबवा. माझ्यावर लागेल तेवढं रागवा.

तुमची
दानू


सोलापूर
२० एप्रिल

दानू,

पत्र मिळालं. श्रीपूरच्या पाचही मशीन थांबवल्या. पेन्सिल लावून बघितली. तीन मशीनमध्ये चूक निघाली.

शटर ओढलंय. नंदीशला काय ते कळवतो.

अनिलकाका


वैराग
२४ एप्रिल

ती. काकांस शरणार्थ.

तुमचं चार ओळींचं पत्र आलं. मी पाठवलं होतं तेव्हा तुम्ही त्याला तार म्हणालात. आता मी काय म्हणू?

मी लहान आहे, पण आज बोलणार. शटर ओढायचं तुम्ही ठरवून टाकलंत, पण चूक कशानं झाली ते नीट बघितलंत का? कान गेले म्हणून नाही झाली. बहिऱ्या माणसालाही पेन्सिल धरता येते. एका बोर्डाची फाईल दुसऱ्याला लावली म्हणून झाली, आणि तशी का लावली? लवकर लवकर सगळं ठीक आहे असं बघायचं होतं म्हणून. कुणाला कळू नये म्हणून. लपवायचं होतं म्हणून चुकलं, काका.

आणि ऐका. वाचा म्हणते. चार नंबरचा पंखा मी आणि सोनमनं काढला, साफ केला, तेल दिलं, तरी थोडा कुरकुरतो. मी कान लावून बसले होते. सोनमनं काय केलं माहितीय? डोळे मिटून कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाली, बाई, ह्यो अजून थरथरतोय, बदलावा लागंल. तिनं आवाज ऐकलाच नव्हता, मुलींचा नुसता कालवा चालला होता. मग मीही हात ठेवून बघितला. कळतं, काका. सगळ्या मशीनवर ठेवून बघितला, सगळं कळतं.

सोलापूर जिल्ह्यात असा दुसरा माणूस मला दाखवा, जो टायपिंगच्या बाईला आणि मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीला पत्रातून मदरबोर्ड शिकवतो. अप्पा म्हणतात, त्याला सांग, मी त्याचा थोरला भाऊ आहे, मला न विचारता दुकान बंद करायचा त्याला हक्क नाही. ते रागानं म्हणाले आणि मग आत जाऊन डोळे पुसत होते.

दुकानाचं तुम्ही ठरवा. पण काकूला सांगा. ते मला सांगता येणार नाही, तिला तुमच्याकडूनच कळायला हवं.

तुमची
दानू


शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ मे

चि. दानूस काकाचा खूप खूप आशीर्वाद.

जवळजवळ महिना झाला, तुला उत्तर न्हाय. त्यानंतर तू तीन पत्रं टाकलीस ती सगळी मिळाली. लिहायला बसलो की हात थांबायचा.

शटर ओढून मी पाच दिवस घरात बसलो होतो. तुझं पत्र आलं ते खिशात घेऊन हिंडलो. तुझ्या काकूला सांगायचं म्हणून चार वेळा स्वयंपाकघरात गेलो आणि चार वेळा पाणी पिऊन बाहेर आलो. बासष्ट वर्षांचा गडी मी. मला कधी कळलं, सांगू? दोन वर्षांपूर्वी. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजापुढची वाजंत्री ऐकू आली आणि शेजारी उभी राहून तुझी काकू काय बोलायली ते ऐकू येईना. मला वाटलं गर्दीमुळं. मग दुकानात पंख्याची शीळ ऐकू येईना झाली. आधी बारीक आवाज जातात म्हणे. माझं सगळं पोट त्या बारीक आवाजावर. गल्लीतली माणसं म्हणायची, अनिलकुमार नुसता कान लावून मशीनचा रोग सांगतो. ते नाव गेलं तर मग मी कोण, असं वाटायचं. म्हणून लपवलं. तुझ्यापासनं, नंदीशपासनं, आणि जिच्याशी एका ताटात जेवतो तिच्यापासनंसुद्धा.

शेवटी माझ्या कानाबद्दलची तुझी दोन्ही पत्रं तिच्या पुढ्यात ठेवली आणि खुर्चीत बसून राहिलो. तिनं सावकाश वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग काहीतरी बोलली. मी सवयीनं हूं म्हणणार होतो, पण ह्या वेळी खरं सांगितलं, कळलं न्हाय, परत सांग. ती उठून माझ्या अगदी जवळ आली आणि उजव्या कानाशी म्हणाली, “मला वाटलं, तुमाला मी नकोशी झाले.”

दानू, माझं मन तिच्यावरनं कधीच उडालेलं नव्हतं ग. आणि ती दोन वर्षं तसं समजून माझ्यासाठी भाकरी थापत होती.

दुसऱ्या दिवशी तीच मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मशीन दिलीय कानाला. माणसाचं बोलणं जवळनं बरंच कळतं, दोघं एकदम बोलले की नुसता गलका. पंख्याची शीळ काय परत यायची न्हाय, असं डॉक्टर म्हणाले. नंदीशला फोन तिनंच लावला आणि सांगितलं की तुझे पप्पा कुटंही येणार न्हाईत, त्यांना काम हाय. त्याला बरंच ऐकवलं असावं, कारण पुढच्या रविवारी तो सोनपापडीचा डबा घेऊन हजर.

शटर उघडलं. दाराशी पाटी लावली, स्वतःच्या हातानं रंगवून. ‘मला कमी ऐकू येते. काम लिहून सांगावे.’ खिळा ठोकताना समोरचा किराणावाला रेवणप्पा बघत होता. त्यानं वाचली, मान हलवली आणि दुकानातनं एक कोरी वही आणून माझ्या काउंटरवर ठेवली.

श्रीपूरच्या पाच मशीनला मी पेन्सिल लावून पाच वेगळ्या फायली बनवल्या. हातही ठेवून बघितला, सोनमला सांग. एका पंख्याची थरथर सापडली, तो बदलला. वाचनालयाच्या लोकांना खरं काय ते लिहून दिलं, की आधी माझी चूक झाली होती म्हणून उशीर झाला. त्यांनी मशीन नेल्या. वर अजून दोन सांगितल्यात. तुझ्या चार नंबरसाठी नवा पंखा शंकरप्पांच्या हाती देतोय, परीक्षेच्या आधी बसव.

आता वहीचं सांगतो. गिऱ्हाईक येतात, लिहितात. कुणी शुद्ध लिहितो, कुणी कानडीत लिहितो, एकानं तर नुसतं जळक्या मदरबोर्डाचं चित्र काढलं. पण पहिलं पान गिऱ्हाइकाचं न्हाय. पाटी लावली त्या दुपारी तुझी काकू डबा घेऊन आली, वही उघडली आणि लिहिलं, ‘दोन वर्षांत मी बोललेलं सगळं लिहिलं तर चालंल का?’ मी खाली लिहिलं, लिही.

तेव्हापासनं रोज दुपारी जेवण झालं की ती दुकानात येऊन बसती आणि लिहिती. थोरल्या लेकीच्या बाळाला कधी दात आले. तुमच्या बहिणीनं वास्तुशांतीत माझा कसा अपमान केला. गच्चीतला कढीपत्ता कुणी तोडला. मी एक डोळा मशीनवर ठेवून वाचतो, हसू येतं. पण परवा तिनं लिहिलं, गेल्या श्रावणात माझ्या छातीत दुखलं होतं, तुमाला दोनदा सांगितलं, तुमी हूं म्हणालात, मग मी आपली हळदीचं दूध पिऊन झोपले. ते वाचलं आणि पेचकस खाली ठेवला. तसंच शटर ओढलं आणि तिला दवाखान्यात नेलं. ती वाटेत म्हणत होती की नऊ महिने झाले, आता काय. सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाला काही न्हाय, पित्ताचं असावं म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, चार माणसांत.

दानू, तू मला चिडवलंस, रागावलीस, चुकलो ते तोंडावर सांगितलंस. त्याचे उपकार मानत न्हाय. पोरीनं बापासारख्या माणसासाठी करावं तेच केलंस. पण एवढं सांगतो, तू अजून आठ दिवस गप्प बसली असतीस तर ह्या वहीत काहीच लिहिलं गेलं नसतं.

वहीत पानं थोडीच राहिलीत. रेवणप्पाकडनं आणखी तीन आणून ठेवल्यात. तुला अजून लई सांगायचं होतं, पण ती आलीय, समोर बसलीय आणि हात पुढं केलाय. दुकानात पेन एकच हाय. तिला देतो.

अनिलकाका